पहिली ‘अ’च्या बाईंचा घसा

२१ नोव्हेंबर १९९४, सोमवार
बोरिवलीच्या घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. हे अर्धी रजा टाकून सोबत. स्वरयंत्रावर दोन्हीकडे बारीक गाठी. वीस वर्षं पहिलीच्या पोरांवर आवाज चढवला, त्याचं फळ. गोळ्या थोड्याच. खरं औषध म्हणजे गप्प बसणं. महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट ताण पडतो म्हणे. मग पुन्हा तपासणार. गाठी तशाच असल्या तर ऑपरेशन.
हे म्हणाले, “डॉक्टर, हिला गप्प बसवायचं म्हणजे...” आणि पुढचं गिळलं.
लेक मंजू कॉलेजला जाता जाता रजेचा अर्ज शाळेत टाकून आली. येताना माझ्यासाठी पाटी-पेन्सिल. तिला मजा वाटतेय.
बोलायला बंदी, म्हणून हे लिहिणं.

२३ नोव्हें.
पहाटे पाणी आलं. तळमजल्यावर राहतो, त्यामुळे नळ आला की मीच वर हाक मारते, सगळी बिल्डिंग त्यावर उठते. आज ताटावर डाव बडवला. पहिल्या मजल्यावरच्या जयाबेन गॅलरीत येऊन, “अरे, क्या हुआ? कौन गया?” मग माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली.
दूधवाला माझ्याशी ओरडून बोलतो. मी बहिरी झालेय असा त्याचा समज.

२५ नोव्हें.
डॉ.नी वाफ आणि मिठाच्या गुळण्या सांगितल्यात. गुळण्यांत चिमूटभर हळद माझी. स्टेशनजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध आणला. आई भजनाला बसण्याआधी कांडी तोंडात धरायची. गोड रस घशातून उतरतो तेव्हा इतकं बरं वाटतं. हे काही डॉ.ना विचारलेलं नाही. कांडी चघळण्यात विचारायचं काय?

२९ नोव्हें.
मंजूला घेऊन मोरवा गावात. माझ्या वर्गातल्या दर्शनाची आजी, हिराकाकू, तिथे राहतात. पूर्वी त्यांची मिठागरं होती, भातशेती होती. आता मुलगे बांधकामांना रेती पुरवतात. घर नवीन, स्लॅबचं, पण मागचं कुंपण अजून अडुळशाचं.
“पायजे तेवरी पानं न्या बाय, इचारू नुको. बकरी पन तोंड लावत न्हाय त्याला.”
पाटीवर लिहिलं: नुसता खोकल्याला, की आवाजालाही? मंजूने वाचून दाखवलं.
“तं मना ठाव न्हाय. आमचं घरवालं पियाचं, त्याचा खोकला कमी झाला. आवाज त्याचा पयल्यापास्नं बैलावानी हाय.”
घरी येऊन पानं उकळली, निवल्यावर मध घातला. कडूजहर. पण कोरडी ढास, जी बोलले नाही तरी उठायची, ती संध्याकाळी कमी वाटली.

३ डिसें.
जो येतो तो औषध घेऊन येतो. जयाबेनचं हळदीचं दूध. यांच्या ऑफिसातून निरोप, लवंग भाजून धरा. मागच्या बिल्डिंगमधल्या आजींनी तुळशीचं रोपच कुंडीसकट दिलं. आणि सगळे माझ्या घरात कुजबुजतात. मी गप्प म्हणून तेही हळू. घर इतकं शांत कधी नव्हतं. छान वाटतंय, खोटं कशाला लिहू.

५ डिसें.
जेवताना हे बराच वेळ बोलले. ऑफिसात कॉम्प्युटर येणार, यांच्या टेबलावर पहिला. जमेल की नाही याची भीती वाटतेय. एवढ्या वर्षांत “भीती वाटतेय” असं यांनी कधी म्हटलेलं आठवत नाही. म्हटलंही असेल, मीच मध्ये बोलले असेन. पाटीवर काही लिहिलं नाही. पोळी वाढली.

९ डिसें.
शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. मोसंबी घेऊन. माझ्या जागी आलेल्या नव्या बाई चांगलं सांभाळतायत म्हणाल्या. मग म्हणाल्या, “जानेवारीपासून तुम्ही ऑफिसात बसा. दाखले, हजेरीपत्रकं. वर्ग आता नकोच. तुमच्याच भल्यासाठी सांगते.”
पाटीवर लिहिलं: तपासणी होऊ दे. त्यांनी वाचलं, मान डोलावली, चहा संपवला. बाई वाईट नाहीत. म्हणूनच जास्त लागलं.
त्या गेल्यावर डोकं चालेना. ऑफिसात, दाखल्यांवर सह्या घेत... नाही.
आजपासून ज्येष्ठमध वाढवला. दिवसभर कांडी, शिवाय काढ्यात, शिवाय झोपताना पूड मधातून. झाडाचं मूळ ते, त्याने अपाय थोडाच होणार.

१५ डिसें.
घोट्यांवर सूज. चपलेचा पट्टा रुततोय. सकाळपासून डोकं जड. थंडीचं असेल.

१७ डिसें.
आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. बी.पी. वाढलेलं निघालं. मला जन्मात नव्हतं. काय काय घेता, म्हणून विचारलं. मी पेन्सिल उचलायच्या आत मंजूने सगळं सांगून टाकलं.
“दिवसभर ज्येष्ठमध? बंद करा आधी. अंगात पाणी धरतं त्याने, बी.पी. चढतं.”
हे म्हणाले, “पण डॉक्टर, ते आयुर्वेदिक आहे.”
“आयुर्वेदातही मात्रा असते ना, साहेब? औषध आहे म्हणून तर मात्रा.”
घरी येताना आई आठवली. भजनाआधी थोडा वेळ चघळायची, मग कांडी पुसून पुन्हा पुडीत. मला तो तिचा चिक्कूपणा वाटायचा.
उरलेला ज्ये. जयाबेनना द्यायला निघाले, मग आठवलं, त्यांना आधीच बी.पी. आहे. टाकून दिला.
तपासणी बुधवारी.

२१ डिसें., बुधवार
बोरिवली. डॉक्टरीणबाईंनी नळीतून दोन्ही बाजू पाहिल्या. मग म्हणाल्या, डावी गाठ जवळजवळ गेली, उजवी निम्म्यावर. ऑपरेशन सध्या नाही. थोडं थोडं बोला, पण हळू.
मंजूने अडुळशाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “खोकला दबला असेल त्याने, घशावरचा मार वाचला असेल. गाठी त्याने गेल्या असं मी म्हणणार नाही. गप्प बसल्याने गेल्या. घ्यायचा तर घ्या, बेताने. आणि मला सांगून.”
पहिला शब्द काय बोलायचा हे महिनाभर ठरवत होते. जिना उतरताना यांच्या शर्टाचं मधलं बटण उघडं दिसलं. म्हटलं, “तुमचं बटण.” हे थबकले. बटण लावायचं विसरून नुसते बघत राहिले.
आवाज माझा नाही. जाड, खालचा.

२८ डिसें.
सूज उतरली. बी.पी. ठीक. अडुळसा एक वेळ, वाफ, गुळण्या. बस.
मंजू म्हणते, “आई, नवा आवाज तुला शोभतो. रेडिओवर बातम्या देशील.”

६ जाने. ९५
मोठ्या बाईंना भेटले. म्हटलं, “दोन तास द्या रोज. महिनाअखेर बघू. नाही जमलं तर मी स्वतः ऑफिसात येऊन बसते.” सगळं त्या खालच्या आवाजात. बोलता बोलता बाईही हळू झाल्या. “संक्रांत होऊ दे,” म्हणाल्या.

१४ जाने.
संक्रांत. वर्गातली पोरं तिळगूळ घेऊन घरी. सगळी एका सुरात, गोड बोला. दर्शना म्हणाली, “बाई, गोड नाय बोललात तरी चालंल. बोला फक्त.” हिराकाकूंनी तिच्या हाती पिशवीभर अडुळसा धाडला होता. सणाच्या दिवशी.

१६ जाने., सोमवार
वर्ग. बाकांवर नाही बसवलं, सगळ्यांना फळ्यापुढे सतरंजीवर जवळ घेतलं. हळू बोलले. पहिली पाच मिनिटं गोंधळ, मग मागची पुढे सरकली. कान देऊन ऐकत होती. वीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं कुणी. नव्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.
संध्याकाळी घसा खरखरतोय. दमल्यामुळे, की पुन्हा तेच, कळत नाही. शुक्रवारी बोरिवलीला कळेल.
यांनी विचारलं, “उद्या जाणार?”
नुसती मान हलवता आली असती. “जाणार,” म्हटलं.