एकोणीस दिवसांची गैरहजेरी

आष्टी, ता. परतूर
२ डिसेंबर २०२४

प्रिय तृप्तीताई,

नमस्कार. तुझा दहावीचा अभ्यास बराबर चालू असेल. हॉस्टेलात थंडी फार आहे का? इकडं आईची कापूस वेचणी उरकत आली. गाय व्याली, कालवड झाली.

मागच्या पत्रात ‘शाळेत सगळं छान’ असं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

नव्या शाळेत सर मान खाली घालूनच हजेरी घेतात. माझं ‘हजर’ घशातच राहायचं. मागून हरिओम ओरडायचा, “गैरहजर सर! मुकी वेचणीला गेली.” वर्ग हसायचा, सर लिहून टाकायचे. शेजारची अंतरा सरांना सांगायला निघायची, तर मीच तिला शपथ घालायचे.

असे एकोणीस दिवस झाले आणि शुक्रवारी सरांनी बाबांना बोलावलं. वर्गासमोरच विचारलं, “मुलगी शाळेत नसते, मग जाते कुठं?”

बाबा टोपी हातात धरून नुसते उभे. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “शिते, उद्यापासून आईसंगं वेचायला चल.”

अंतरा उठत होती. मी तिला हात धरून खाली बसवलं आणि स्वतः उठले. सर रोज गठ्ठ्यातल्या वह्यांवर नाव न बघताच सही करतात, ती माझी शुद्धलेखनाची वही त्यांच्या टेबलावर ठेवली.

“सर, मी रोज आल्ते. ह्या तुमच्याच सह्या. तारखा बघा.”

सरांनी हजेरीपट उघडून एकेक तारीख जुळवली. एकोणीसच्या एकोणीस.

“मग गैरहजर कोण म्हणत होतं?”

“हरिओम!” मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात आल्या.

सरांनी सगळ्यांसमोर पट दुरुस्त केला. बाबांना म्हणाले, “चूक माझी झाली.”

आज हरिओमनं गणिताची वही मागितली.

“मुकीकडं कशाला मागतो? नाव घेऊन माग.”

“शीतल, वही देती का?”

दिली मंग.

शुक्रवारी परतताना बाबांनी भजी घेतली. म्हणाले, “चौथीत मी बी असाच गप बसल्तो. पुन्हा शाळंत गेलोच न्हाई.” वेचणीचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

पुढच्या शनिवारी ते तुला भेटायला येतील. तुमच्या वॉर्डनबाईंसमोर त्यांना शब्द सुचत नाही, तुला माहीत आहे. म्हणून मीही येते. तिथं मी बोलेन.

बाबांच्या वतीनंही,
तुझी शीतल