बेसिनमागची पांढरी रेघ

७ सप्टेंबर २०१७, गुरुवार

बेसिनमागे पुन्हा काळे! व्हिनेगर झाले, सोडा झाला, जुन्या टूथब्रशने घासून मनगट भरून आले. गेली कित्येक वर्षे दर रविवारी याच उपायाने बेसिन आणि भिंतीमधली ही सिलिकॉनची पट्टी पांढरीशुभ्र राहत असे. आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने बुरशीपुढे हात टेकावेत, हे शोभत नाही. पण पत्नी गिरिजा गेली आणि या एकाच पावसाळ्यात पट्टी पार कोपऱ्यापर्यंत काळवंडली.

पट्टी तिनेच भरलेली आहे. अष्टमीतील या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा प्लंबरचे काम तिच्या पसंतीस उतरले नाही. "हे काय ओबडधोबड? द्या इकडे!" म्हणून तिने सिलिकॉनची नळी हाती घेतली, बोट साबणाच्या पाण्यात बुडवले आणि खिडकीपासून दारापर्यंत एका दमात फिरवले. हमरापूरची मुलगी, गणपतीच्या मूर्तींचे सांधे बुजवण्यात तिचे बालपण गेले. दाराकडच्या कोपऱ्यात, जिथे तिने बोट उचलले, तिथे एक लहानशी खळी उमटली आहे. सकाळी दात घासताना मी त्या खळीवर बोट ठेवतो.

९ सप्टेंबर

गोदूचा पनवेलहून फोन. सातवा महिना सुरू आहे. पितृपक्ष संपला की बाळंतपणासाठी ती इकडे येणार, हे ठरलेलेच. आज मात्र म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. माझा दमा बघता बुरशीच्या घरात राहायचं नाही. ते सिलिकॉन कापून काढा आणि नवीन भरा. नाहीतर मी इथेच सासूबाईंकडे राहते."

मी म्हणालो, पाहतो.

मग ती हळूच म्हणाली — "आई नाही म्हणून माहेरही नाही, असं नका करू."

पट्टी काढली पाहिजे, हे मला कळते. तिच्याबरोबर ती खळीही जाईल, हेही कळते.

१० सप्टेंबर

पूल ओलांडून रोह्याला गेलो. कटर आणि सिलिकॉनची नळी आणली. पाते बाहेर काढले, आत ढकलले. उद्या.

११ सप्टेंबर

उद्या.

१२ सप्टेंबर

काळुराम आला. गिरिजाचा धाकटा भाऊ. विसर्जन उरकून मूर्तींचा कारखाना रिकामा झाला की तो दोन दिवस बहिणीकडे येई. यंदाही आला!

मी कटर घेऊन बेसिनसमोर उभा. तो म्हणाला, "दाजी, कसलं ऑपरेशन हाय?" मी गोदूची अट सांगितली. तो खो खो हसला. "डाग हाय तो! डागाला कोन कापतो काय? आमच्याकडं मूर्तीला डाग पडला तर मूर्ती फोडतात काय? सफेदा मारायचा!"

त्याच्या पिशवीत त्या पांढऱ्या रंगाची डबी होतीच, ब्रशही होता. बघता बघता पट्टी पांढरी झाली! खळी शाबूत राहिली. त्याला मिठी मारण्याचेच काय ते बाकी ठेवले.

जेवताना तो सहज म्हणाला, "तायडी पन हेच करायची."

"काय करायची?"

"दर साली उरलेला सफेदा न्यायची ना माझ्याकडनं! बोलायची, हे रविवारी घासून काढतात, मी सोमवारी लावते. त्यांना वाटतं व्हिनेगरनं जातं. वाटू दे. बिचारे किती मनापासून घासतात!"

मी आणखी वरण वाढून घेतले. भात संपला होता, हे नंतर लक्षात आले.

१६ सप्टेंबर

सफेदा पापुद्रे धरून सुटू लागला आहे. खालून काळे पुन्हा डोकावते.

तत्पूर्वी मी मोठ्या आत्मविश्वासाने गोदूला छायाचित्र पाठवले होते. तिचा लगेच फोन आला. "बाबा, हा आईचा रंग आहे. मला कळत नाही होय? लहानपणी डबी मीच धरायचे! रंगाखाली बुरशी जिवंतच असते, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवले होते खरे.

"घटस्थापनेच्या आदल्या दिवशी येते. बघते. तसंच असेल तर चहा घेऊन परत जाईन."

१८ सप्टेंबर

कापली.

एकसंध निघेल असे वाटले होते, पण तुकडे तुकडे झाले. तिच्या सोमवारांचे थर — पांढरा, करडा, पुन्हा पांढरा. खळी सर्वांत शेवटी काढली. तो तुकडा उलटा करून पाहिला; मागून पूर्ण काळा! कचऱ्यात टाकला. परत उचलला. पुन्हा टाकला.

सांधा घासून, पुसून कोरडा केला. प्लंबरला बोलवावेसे वाटले नाही. पहिली रेघ इतकी वाकडी आली की गिरिजा असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. सगळे निपटून काढले. मग बोट साबणाच्या पाण्यात बुडवले, डोळ्यांसमोर तिचा हात आणला आणि खिडकीपासून निघालो. मध्ये थांबलो नाही. श्वासही घेतला नसावा. दाराकडच्या कोपऱ्यात बोट उचलले.

२० सप्टेंबर

गोदू आली. पिशवी खांद्यावर ठेवूनच तडक न्हाणीघरात गेली. आतून आवाज चढला — "बाबा! काढलं कुठे तुम्ही? नुसतं घासून ठेवलंत! हे तर आईचंच बोट आहे. ही बघा तिची खळी!"

मी माझे बोट पुढे केले. नखाच्या कडेला सिलिकॉन अजून चिकटलेले होते.

तिने पिशवी खाली ठेवली.