उलटी फिरवलेली पृथ्वी

६ नोव्हेंबर

त्या ऑनलाइन गृहपाठाचा मला पहिल्यापासून राग. पडद्यावर बोटाने चंद्र पृथ्वीभोवती फिरवायचा, उत्तर द्यायचं, चुकलं तर कॉम्प्युटरच समजावणार! मग मी कशाला? आमच्या डीन ग्लेनिसबाई म्हणतात, "अर्नी, मुलं त्यातून शिकतात रे." शिकोत बापडी.

आजचा प्रश्न – उजाडताना दक्षिणेला अर्धा चंद्र दिसतो, तो वाढता की उतरता? मी फळ्यावर आकृती काढली आणि म्हणालो, वाढता. कुजबुज सुरू. गृहपाठात 'उतरता' बरोबर धरलं होतं म्हणे.

"मग गृहपाठ चुकलाय," मी म्हणालो.

मागून ब्रिन कोवालचुक उठली. कॉलेजच्या बर्फावरच्या हॉकी संघाची गोलरक्षक, एरवी तोंड उघडत नाही. "सर, पहाटे सरावाला जाताना मी रोज बघते. पौर्णिमा होऊन गेली, चंद्र उतरतोच आहे. आणि आज सकाळी अर्धा होता. समोरच."

"डोक्यात हॉकीची चकती, तो पक, बसला की बरंच काही दिसतं!"

वर्ग खो खो हसला. ती खाली बसली. कान लालबुंद.

वर आणखी, 'उतरता' लिहिलेल्या सगळ्यांचे गुण कापले. दाखवलं त्या यंत्राला!

७ नोव्हेंबर

गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. सहज मान वर गेली. धान्याच्या कोठारावर, दक्षिणेला, चंद्र. अर्ध्याहून किंचित कमी. म्हणजे उतरताच! आणि उजाडत होतं.

हात तसाच थांबला. काल फळ्यावर मी पृथ्वी उलटी फिरवली होती. बाणच उलटा! शाळकरी पोरानेही केली नसती अशी चूक.

आणि चुकीचं एक वेळ जाऊ दे. ते पकचं बोललो ते?

विल्माने दारातून विचारलं, "काय रे, काय झालं?"

"काही नाही." बायकोलासुद्धा काही नाही!

८ नोव्हेंबर

आज सांगणार होतो. धूमकेतू शिकवले. ब्रिन आलीच नव्हती.

१० नोव्हेंबर

ब्रिन आली. मी घसा खाकरला. "सोमवारच्या त्या चंद्राबद्दल –" सगळे बघतायत. खडू हातात चुरतोय.

तीच म्हणाली, "कळलं आम्हाला, सर. मुद्दाम चुकीचं सांगितलंत ना? आम्ही नुसत्या माना डोलावतो की बाहेर जाऊन बघतो, ते पाहायला?"

मी हसलो. हसलो मी! म्हणालो, "कुणीतरी ओळखायला हवंच होतं."

टाळ्या पडल्या. "भारी, सर!" मी सगळ्यांचे गुण परत दिले – मोठ्या मनाने! घरी येताना शीळसुद्धा घालत होतो. मग जेवायला बसलो आणि बटाटा भरलेल्या पिरोगींचं ताट तसंच पुढे सरकवलं. विल्मा म्हणाली, "पिरोगी बिघडल्या का?" नाही गं. पिरोगी बऱ्या आहेत.

१४ नोव्हेंबर

चंद्राचा किस्सा ऐकून ग्लेनिसबाईंनी बोलावून घेतलं. "आतल्या गाठीचा आहेस, अर्नी! मी समजत होते तू ऑनलाइन गृहपाठाच्या वाईटावर आहेस." आता म्हणे शुक्रवारी सगळ्या प्राध्यापकांपुढे बोल – मुलांना त्या गृहपाठातून आकाशाकडे कसं वळवलंस ते सांग.

नाही म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं 'हो'.

१७ नोव्हेंबर

बोललो. छान बोललो, तीच तर शरम. 'कधी कधी शिक्षकाने चुकायचं धाडस करावं' – हे वाक्य माझ्या तोंडून! दोघा-तिघांनी लिहूनही घेतलं.

ग्लेनिसबाईंनी कौतुकाने ब्रिनलाही बोलावलं होतं. ती भिंतीपाशी उभी होती, हात खिशात. टाळ्या वाजवल्या नाहीत तिने. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि टाळतोय हे तिने पाहिलं.

२० नोव्हेंबर

तासानंतर ब्रिन थांबली. सगळे जाईपर्यंत दप्तर आवरत राहिली. मग म्हणाली, "सर, चारचौघांत तुमचं हसं होऊ नये म्हणून मी तसं बोलले. वाटलं होतं, मागाहून मला एकटीला तरी खरं सांगाल."