डोंगर तुझा, नदी माझी

९ मार्च १९८४
ति. ताईस,
शि. सा. न. साष्टांग घालायला तू जमीन ठेवणार नाहीस, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज.

तुझ्या पाणीखात्याची नोटीस पोचली. खाली सख्ख्या बहिणीची सही पाहून फार आपलेपणा वाटला. आजोबांनी डोंगरावरची झाडं तोडून कुरण केलं, म्हणून नदी खारट झाली म्हणे. मला वाटायचं, आजोबा नुसते तापट होते. आता वरच्या उतारावर तुम्ही झाडं लावणार, तर माझ्या गाईंनी चरायचं कुठे? आमची बैठकीची खोली रिकामी करून ठेवू का? चारदोन रोपं तिथेही मावतील.

लोभ असावा, आमच्या जमिनीचा सोडून.
तुझा धाकटा

२१ मार्च १९८४
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. कमी पडले तर खात्याकडे अर्ज कर.

शाळेत तू खिडकीबाहेर बघायचास, म्हणून पुन्हा सांगते. झाडं जमिनीतलं पाणी पितात. ती गेली की पाणी साचत साचत वर येतं, खोलवरचं मीठ बरोबर आणतं आणि नदीत उतरतं. शहरातले लोक मला रस्त्यात गाठून विचारतात, की भाजीत वेगळं मीठ घालायचं की नळाचंच पुरे?

वरचा उतार दे. खालचं कुरण तुझंच राहील. निम्म्या गाई विकाव्या लागतील, हे ठाऊक आहे. त्या तू बाटलीने दूध पाजून वाढवल्यास, हेही.

राग असावा, पण सहीपुरता.
तुझी ताई

५ जून १९९१
चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

झाडं माणसाच्या डोक्यावर गेली आणि नदी आणखी खारट झाली, इतकी की शहराला तिचं पाणी देणंच बंद झालं. साहेब म्हणाले, प्रगती उत्तम, फक्त दिशा उलटी. साचलेलं मीठ निघून जायला वर्षं लागतील, असं मी सांगितलं. त्यांनी मला बिलांच्या खिडकीवर बसवलं. योजना गुंडाळली. उतार तुला परत मिळेल. गाई सोड आत. तू जिंकलास, अभिनंदन.

ताई

३० जून १९९१
ति. ताईस,
नमस्कार, अंथरुणातून.

तुझे साहेब स्वतः येऊन कुरण परत घ्या म्हणाले. मी विचारलं, गाई विकताना मी रडलो ते काय हौस म्हणून? झाडं राहतील. त्यांनी मला वेडा ठरवलं. मी म्हटलं, घराण्यातच आहे, थोरली तर सरकारी नोकरीत आहे.

परवा शेजाऱ्याची गुरं झाडांत घुसली. हाकलताना पडलो, पाय मोडला. झाडं सुखरूप आहेत. तू आधी तेच विचारशील.

हरल्याची पत्रं पाठवू नकोस. तुझ्याकडून तसलं वाचायची सवय नाही.
धाकटा

१७ ऑगस्ट २००३
ति. ताईस,
शि. सा. न.

नदीचं पाणी शहराला पुन्हा सुरू झालं, समारंभात जुन्या साहेबांना हार आणि तुला शेवटच्या रांगेतली खुर्ची, हे वाचून धन्य झालो.

खात्याच्या कागदावर माझा विश्वास नाही, म्हणून काल कालवडीला नदीवर नेलं. आमचं एकही जनावर या नदीला कधी तोंड लावत नव्हतं. हिने मान खाली घातली ती वर करेचना. मग मीही शेजारी ओणवा झालो. ताई, पाण्याला कसलीच चव नव्हती. जन्मभर भांडून, बदली सोसून तू मिळवलंस काय, तर बेचव पाणी! पोटभर प्यालो आणि तिथेच बसून हमसाहमशी रडलो.

ये आता. हार नाहीत, भाषणं नाहीत. काठावर पहिल्या रांगेत तू आणि कालवड. मी मागे उभा राहीन.

लोभ आहेच, तो काय मागून घ्यायचा?
तुझा धाकटा