थांबलेलं पान

वर्षाताई,

तू सासरी मुकुटबनले गेली, पण आपल्या दोघींचं पुस्तकाचं खातं एकच हाय. तू ई-रीडरवर कोणत्या पानावर आली, ते मले मोबाईलवर दिसते. "हे वाच येडे, लय मस्त हाय," असं तू लिहून धाडायची. माही शाळा कायमची सुटल्यावर तेवढीच माही शाळा होती.

पोळ्यापासून तुवं पान हाललंच नाही. फोन लावला का भाऊजी उचलतात. "कामात हाय वर्षा," म्हणतात. चिठ्ठीबी तेच फोडतीन, म्हणून हे धाडत नाही.

आई रोज इचारते, "कुठंवर आली पोरगी?"

"पुढं गेली," मी खोटंच सांगतो.

आज पहिल्यांदा म्या तुयासाठी आपल्या खात्यावर माह्या आवडीचं पुस्तक टाकलं. वाचू नको, ताई. नुसतं एक पान पलटव.

तुई,
निकी