भातकुलीच्या रत्नाचं रक्त

४ ऑगस्ट १९६२, अमरावती
दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आज रक्ताच्या सोळा काचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. शेवटची भातकुलीच्या रत्नाची. सहा वर्षांची, कावीळ, डोळे पिवळेजर्द. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाहून दचकलो. मोठाल्या, रंग दिल्यावर निळ्या, कडा वेड्यावाकड्या. काचा पाहणाऱ्या डॉक्टरबाई गावी नाहीत, तरी 'रक्ताचा कर्करोग?' असं लिहून टाकलं. हल्ली कामकाज मराठीत, म्हणून मीही ऐटीत मराठीतच. कागद वॉर्डात पोचवायला तिच्या बापाच्या, देविदासच्या हाती दिला. रोजची रीत.

५ ऑ.
रत्नाची खाट रिकामी. देविदास चौथी शिकलेला. कागद वाटेतच वाचला. सिस्टरला म्हणाला, "रक्तच नासलं, तं इथं काहून ठेवू?" पोरीला घेऊन गेला. पुढे प्रश्नचिन्ह होतं की! पण बापाला प्रश्नचिन्ह कसलं दिसतंय.

७ ऑ.
डॉक्टरबाई अचलपूरहून परतल्या. काच बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, "कर्करोग नाही हा. काविळीच्या पोरांत अशा पेशी दिसतात. रोगाशी झुंजायला फुगलेल्या असाव्यात. नेमकं काय करतात, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आमचं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्या येईपर्यंत थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? फार लाज वाटली.

८ ऑ.
भातकुलीला जाऊन आलो. रत्ना ओसरीवर भजी खात बसलेली. काविळीत तेल! मी ओरडलोच. आई शांतपणे म्हणाली, "पोरगी जाऊनच राहिली, तं मन तरी भरू द्या तिचं." कावीळ उतरावी म्हणून गळ्यात घातलेली माळसुद्धा काढून टाकलेली. माझ्या एका ओळीनंतर काविळीला घरात कुणी मोजत नव्हतं.

सगळं सांगितलं. चूक माझी, कर्करोग नाही, परत चला. देविदासनं ऐकून घेतलं.
"तवा तुमीच लिवलं ना?"
"हो."
"आन् आताबी तुमीच सांगून राहिले. मंग कोनतं खरं मानू?"
तसाच परत आलो. भजी तेवढी आईनं उचलून आत नेली.

१० ऑ.
डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन पुन्हा गेलो. रत्ना आज गळालेली, दोनदा ओकली म्हणे. देविदास म्हणाला, "आखरी डाव रक्त घ्या. बाईंनी सोता पाहून सांगतलं, तं आनतो दवाखान्यात." बोट टोचलं, काच केली. पोर रडली नाही. मी सामान आवरत होतो, तर तिनं दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं.
"काका, याचंबी घ्या ना. त्याचं खराब निंगालं, तं याचं चांगलं निंगन."
देविदास तोंड फिरवून बाहेर गेला. मी दुसरीही काच केली.
आता घरी. दोन्ही काचा रुमालात आहेत. सकाळी बाई आल्यावर त्यांच्यासमोरच रंगवीन, मग त्याच पाहतील.