नंदीच्या लाकडाचं विमान

४ जानेवारी

अनुपदादा हसला! आमच्या सगळ्या मॉडेल-विमान क्लबसमोर. "बाल्सा नाई त विमान नाई, मॅडम. तुमी पतंग उडवा."

बाल्सा, ते विमानाचं हलकं विदेशी लाकूड, ऑनलाइन मागवला होता मी. आला त वाकडा. अन् अमरावतीत शोधून एक तुकडा भेटत नाई. म्हणून काय झालं? एवढ्या मोठ्या वऱ्हाडात हलकं झाडच नाई काय? अकोल्याची स्पर्धा २२ फेब्रुवारीले. माह्यं ग्लायडर इथल्याच लाकडाचं असन. बस!

९ जानेवारी

सागवान — दगड आहे दगड. विमानाच्या नाकात वजन म्हणून एक तुकडा ठेवला फक्त. शेवगा हलका, पण चाकू लावला की फाटते. ज्वारीच्या धांड्याचा गाभा मस्त, पण पंखाच्या आतल्या पट्ट्यांपुरता. पंख कशाचे?

१५ जानेवारी

मामानं मोर्शीहून पांगाऱ्याची फांदी आणली. साबणासारखी कापल्या जाते! संध्याकाळपर्यंत दोन्ही पंख तयार. अनुपदादा, थांब आता.

१७ जानेवारी

पंख पापडासारखे वळले. लाकूड ओलं होतं. मामा फोनवर — "काहून वं, सालभर सावलीत वाळू द्या लागते ना त्याले!"

सालभर! माह्याजवळ महिना आहे.

२६ जानेवारी

शोकेस पुसता पुसता तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी उचलला. हातभर मोठा, चाकांचा. लहानपणी मीच फिरवत होती कॉलनीत घरोघरी. एवढा मोठा अन् एवढा हलका? पोटाखाली रंग उडालेला होता, तिथं नख खुपसलं. गेलं आत! मामाच्या फांदीसारखंच. पांगारा! अन् दहा वर्षं वाळलेला!

कापला.

आई ओरडली — "देवाले आरी लावली! पोळ्याले आता काय पुजू मी?"

"आई, मी अकरावीत आहो. अन् नंदी माहा आहे."

बाबांनी पेपर खाली केला. "उडव. पण पडलं की हे सगळं बंद. मग फक्त क्लास."

"मंजूर!"

२२ फेब्रुवारी

अकोल्यात भर दुपारी नंदीचं विमान सोडलं. जमीन तापलेली. वर गेलं. अजून वर! गरम हवेनं उचलूनच घेतलं. अनुपदादाचं बाल्सावालं कधीचंच खाली आलं होतं. माह्यं घारीएवढं, मग चिमणीएवढं, मग टिंब. पातूरच्या बाजूनं गेलं अन् दिसेनासं झालं.

परीक्षक म्हणे, "विमान आणून दाखवा लागते. नाई त नंबर नाई."

शेतं पालथी घातली. नाई भेटलं.

अनुपदादा — "गेलं ना? संपलं मग."

बसमध्ये बाबा अमरावतीपर्यंत खिडकीतून आभाळच पाहत होते. पण रडली नाई!

२३ फेब्रुवारी

क्लासले गेली. शब्द म्हणजे शब्द.

१ मार्च

बाबांनी स्कूटरले बांधून पांगाऱ्याचा ओंडका आणला. गॅलरीत सावलीले ठेवला. कापलेल्या बाजूवर खडूनं आजची तारीख टाकली.

मी म्हटलं, "बंद करायचं होतं ना?"

"पडल्यावर. तू पाह्यलं काय पडताना?"